खरं लिहिणाऱ्याचीच बंदूक का जावी?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी फॉर्म 4473 भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहून झाली की हो-नाहीचे प्रश्न सुरू होतात. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? कोर्टाने कधी मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं आहे का? घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली आहे का? त्यांच्यातच एक प्रश्न गांजाचा असतो : तुम्ही गांजा किंवा इतर नियंत्रित अमली पदार्थ बेकायदा वापरता का, किंवा तुम्हाला त्याचं व्यसन आहे का? 2016 साली हा फॉर्म सुधारला तेव्हा या प्रश्नाखाली एक इशारा छापला गेला. तुमच्या राज्याने गांजा औषधासाठी किंवा मौजेसाठी कायदेशीर केलेला असला, तरी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने तो बेकायदाच आहे, असा त्याचा अर्थ.

आता केमोथेरपीच्या मळमळीने हैराण झालेला, डॉक्टरांच्या शिफारशीवरून राज्य सरकारचं गांजाचं कार्ड काढलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याने ‘हो’ लिहिलं तर दुकानदार बंदूक विकू शकत नाही. ‘नाही’ लिहिलं तर खोटं विधान केल्याचा फेडरल गुन्हा होतो. आणि बंदूक घरात आधीपासूनच असेल तर ती बाळगणं हाच गुन्हा. तिसरी चौकट त्या फॉर्मवर नाही.

मी बंदुकांच्या बाजूची नाही, हे आधीच सांगते. अमेरिकेत 2021 या एका वर्षात 48,830 माणसं बंदुकीने मेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बंदूक मिळवणं आजच्यापेक्षा खूप अवघड असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तरीही गांजाच्या रुग्णांवरचा हा सरसकट निर्बंध मला अन्यायाचा वाटतो. बंदुका कमी व्हाव्यात म्हणणाऱ्यांनीच तो सोडून द्यावा, कारण तो धोकादायक माणूस शोधत नाही. तो फक्त खरं सांगणारा माणूस शोधतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या वादातली तीव्रता पटकन जाणवणार नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक ही सरकारच्या मर्जीने मिळणाऱ्या परवान्याची गोष्ट आहे. अर्ज नामंजूर झाला तर कोणी मूलभूत हक्क गेला म्हणत नाही. अमेरिकेत मात्र राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आहे, आणि 2008 च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणं हा प्रत्येक नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे. तो हक्क असावा की नसावा यावर मी कितीही वाद घालीन. पण आहे म्हटल्यावर तो कोणाकडून आणि कशाच्या आधारावर काढून घ्यायचा, याचं उत्तर सरकारने द्यायलाच हवं.

गांजा घेणाऱ्याला बंदूक नाकारणारं हे कलम 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यातून आलं. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनी देश हादरलेला होता, तेव्हाचा हा कायदा. अमली पदार्थांचा ‘बेकायदा वापर करणारा किंवा व्यसनी’ माणूस बंदुकीला अपात्र, असं त्यात ठरलं. दोन वर्षांनी, 1970 मध्ये, नियंत्रित पदार्थांचा कायदा झाला आणि गांजा पहिल्या यादीत गेला. म्हणजे हेरॉइनच्या शेजारी, वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या पदार्थांत. ही दोन पानं तेव्हा एकमेकांशी जुळत होती. गांजा ओढणारा म्हणजे कायदा मोडणारा, असं साऱ्या देशात एकच समीकरण होतं.

मग 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रुग्णांसाठी गांजा खुला केला. आज जवळपास 40 राज्यांत तो औषध म्हणून मिळतो. राज्य सरकार रुग्णाची नोंदणी करतं, फी घेतं, कार्ड देतं, दुकानांना परवाने देतं आणि विक्रीवर कर गोळा करतं. 2014 पासून अमेरिकी संसद खर्चाच्या विधेयकात दरवर्षी एक अट घालत आली आहे : राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांत आडकाठी करायला न्याय खात्याने पैसा वापरायचा नाही. याच संसदेने 2022 मध्ये बेकायदा बंदूक बाळगण्याची कमाल शिक्षा 10 वर्षांवरून 15 वर्षांवर नेली आणि गांजाच्या रुग्णाला त्यातून वगळलं नाही. गांजा घेतल्याबद्दल ज्याच्यामागे लागायला पैसा द्यायचा नाही असं संसदेने ठरवलं, त्याच माणसाला तोच गांजा घेतल्याबद्दल आणि कपाटात बंदूक असल्याबद्दल पंधरा वर्षांचा तुरुंग तिनेच ठेवला.

औषधाच्या अंगाने पाहिलं तर ही विसंगती आणखी बोचते. ड्रोनाबिनॉल नावाची कॅप्सूल अमेरिकेत 1985 पासून मान्यताप्राप्त औषध आहे. केमोथेरपीच्या मळमळीसाठी ती देतात. तिच्यात असतं टीएचसी, म्हणजे गांजाची नशा ज्याने येते तेच रसायन, फक्त कारखान्यात तयार केलेलं. डॉक्टरने लिहून दिलेली ही कॅप्सूल घेणारा माणूस कायदेशीर वापरकर्ता ठरतो आणि तो बंदूक घेऊ शकतो. तेच टीएचसी झाडाच्या फुलातून, डॉक्टरच्याच शिफारशीने घेणारा माणूस मात्र अपात्र. ऑक्सिकोडोनसारखी ओपिऑइड वेदनाशामकं घेणाऱ्यालाही, त्याच्याकडे प्रिस्क्रिप्शन असलं तर, अडवणूक नाही. या गोळ्यांनी अमेरिकेत घरंच्या घरं उद्ध्वस्त केली आहेत, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. दारूचा तर प्रश्नच येत नाही. नियंत्रित पदार्थांच्या व्याख्येतूनच दारू आणि तंबाखू वगळलेले आहेत. रोज संध्याकाळी बाटली संपवणारा माणूस फॉर्म 4473 वर बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो, आणि त्याचं उत्तर खरं असतं.

डॉक्टर गांजा ‘लिहून’ का देत नाहीत, असं कोणी विचारील. त्यांना तो लिहून देताच येत नाही. पहिल्या यादीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन देणं फेडरल कायद्याला मान्य नाही. नवव्या सर्किट अपील कोर्टाने (सुप्रीम कोर्टाच्या खालची फेडरल अपील कोर्टं विभागवार असतात, त्या विभागांना सर्किट म्हणतात) 2002 मध्ये डॉक्टरांचं एवढंच स्वातंत्र्य राखलं की रुग्णाशी मोकळेपणाने बोलताना ते गांजाची शिफारस करू शकतात. म्हणून राज्यांनी शिफारशीचा आणि कार्डाचा मार्ग काढला. रुग्णाने उपलब्ध असलेला एकमेव कायदेशीर रस्ता धरला, आणि तो रस्ता दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने रस्ताच नाही.

या कार्डाचं पुढे काय होतं ते नेवाडातल्या रोवन विल्सन यांच्या खटल्यात दिसतं. सप्टेंबर 2011 मध्ये, दारू-तंबाखू-शस्त्रं यांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या फेडरल संस्थेने देशभरच्या बंदूकविक्रेत्यांना एक खुलं पत्र पाठवलं : एखाद्याकडे वैद्यकीय गांजाचं कार्ड आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तो बेकायदा वापर करणारा आहे असं मानायला तुमच्याकडे कारण आहे, त्याला बंदूक विकू नका. पुढच्याच महिन्यात विल्सन एका दुकानात गेल्या. दुकानदाराला त्यांच्या कार्डाची माहिती होती. त्याने विक्री नाकारली. त्यांनी गांजा घेतला होता की नाही, हे कोणी तपासलं नाही. कार्ड असणं पुरेसं होतं.

नवव्या सर्किटने ऑगस्ट 2016 मध्ये विल्सन यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्या निकालातला एक युक्तिवाद वाचून मी थबकले. विल्सन यांच्या हक्कावर फार मोठा भार पडत नाही, असं सांगताना कोर्टाने म्हटलं की कार्ड काढण्याआधी त्या हव्या तेवढ्या बंदुका कायदेशीरपणे जमवू शकल्या असत्या, आणि त्यांनी वापर केला नाही तर कार्ड आल्यावर त्या बंदुका जवळ ठेवायला या तरतुदीची आडकाठी नव्हती. कार्ड परत करूनही त्यांना बंदूक घेता आली असती. माणूस तोच, दुखणं तेच, घर तेच. आधी बंदुका जमवून मग कार्ड काढलं तर चालतं, आधी कार्ड काढून मग एक पिस्तूल घ्यायला गेलं तर चालत नाही. सार्वजनिक सुरक्षेसाठी केलेला नियम क्रम बदलला की सुटत असेल, तर सुरक्षेशी त्याचं नातं काय उरलं? आणि कार्ड परत करा म्हणजे काय? नोंदणी सोडा, गांजा कुठून मिळवायचा ते तुमचं तुम्ही पाहा. राज्याने जो व्यवहार अंधारातून उजेडात आणला तो पुन्हा अंधारात ढकलण्याचा हा सल्ला आहे.

होनोलुलूत 2017 च्या नोव्हेंबरमध्ये हेच वेगळ्या रीतीने घडलं. तिथे बंदुकांचीही नोंदणी असते आणि गांजाच्या रुग्णांचीही. पोलिसांनी दोन्ही याद्या जुळवल्या आणि सुमारे 30 रुग्णांना पत्रं धाडली की तीस दिवसांत शस्त्रं जमा करा. ओरड झाली तेव्हा पोलिसांनी पत्रं मागे घेतली. पण ती पत्रं कोणाला गेली होती ते लक्षात घ्या. ज्यांनी बंदूक नोंदवली होती आणि आजारही नोंदवला होता, अशांना. शहरात चोरटी पिस्तुलं बाळगणारे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गांजा घेणारे दोन्ही याद्यांत नव्हते, त्यामुळे त्यांना कोणी पत्र लिहू शकलं नाही. प्रामाणिक माणूस सापडायला सोपा असतो एवढ्यामुळे त्यालाच धरायचं, हे मला पटत नाही.

ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते म्हणजे सैन्यातून परतलेले. इराक-अफगाणिस्तानातून आलेल्यांत जुनाट वेदना, झोप न लागणं, युद्धाच्या आठवणींनी दचकून उठणं हे सर्रास आढळतं. त्यांच्यातले बरेच जण गांजाकडे वळतात. बंदूक त्यांच्या हाताला सवयीची असते आणि बहुतेकदा घरात असतेच. माजी सैनिकांच्या आत्महत्यांत बंदुकीचं प्रमाण इतर नागरिकांपेक्षा जास्त आहे. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर गांजाच्या कार्डासाठी शिफारस करू शकत नाहीत, पण रुग्णाने वापर सांगितला म्हणून त्याचे लाभ काढून घेतले जात नाहीत. धोरण असं की त्याने बोलावं, कारण उपचारासाठी ते कळायला हवं. आता त्या सैनिकाच्या जागी राहून विचार करा. आपण गांजा घेतो हे सांगितलं की ते कागदावर येणार. घरात वडिलांची जुनी रायफल आहे. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या तर पंधरा वर्षांपर्यंतचा तुरुंग. तो कुठली गोष्ट लपवील? कदाचित दोन्ही. आणि रात्री झोप येत नाही, मनात नको ते विचार येतात, घरात बंदूक आहे, या तीन गोष्टी ज्या डॉक्टरला एकत्र कळायला हव्या होत्या त्याला एकही कळणार नाही. आत्महत्या टाळण्यातलं पहिलं पाऊल म्हणजे डॉक्टरने शांतपणे विचारणं की घरात बंदूक आहे का, काही दिवस ती भावाकडे किंवा मित्राकडे ठेवता येईल का. हा संवादच आपण कायद्याच्या भीतीने बंद करून ठेवला आहे.

विरोधी बाजू हलकी नाही. गांजा निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी 2017 मध्ये मोठा आढावा घेतला. जुनाट वेदना, केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांत गांजाजन्य औषधांचा उपयोग होतो याला त्यांना भक्कम पुरावा सापडला. पण जास्त वापर आणि मनोविकृतीचा धोका यांचा संबंधही त्याच अहवालात तितक्याच स्पष्टपणे नोंदवलेला आहे. आज विकला जाणारा गांजा पन्नास वर्षांपूर्वीच्या मानाने खूपच कडक आहे. ज्याला भास होताहेत, ज्याचा तोल सुटला आहे, त्याच्या हातात बंदूक नको, आणि ती काढून घेताना सरकारने कचरू नये. नशेत असलेल्या कोणाही माणसाच्या हातात बंदूक नको, मग ती नशा गांजाची असो, दारूची असो की झोपेच्या गोळीची. यावर माझं काहीच दुमत नाही.

माझा मुद्दा एवढाच की आजचं कलम नशेत असलेल्या माणसाविषयी बोलतच नाही. आठवड्यातून दोनदा रात्री झोपताना गांजाचं तेल घेणारी सांधेदुखीची आजी सोमवारी सकाळी शुद्धीत, चहा पिताना, कुलूपबंद कपाटात बंदूक असल्याबद्दल गुन्हेगार असते. ओरेगनमध्ये असाच एक खटला झाला होता. स्कूलबसवरून निवृत्त झालेल्या एका बाईंना संधिवातासाठी गांजाचं कार्ड होतं, म्हणून शेरीफने पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना नाकारला. ओरेगनच्या सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो राज्याच्या परवान्यापुरता. फेडरल कलम डोक्यावर तसंच राहिलं.

वापरणारा म्हणजे धोकादायक, ही उडी किती सहज मारली जाते याचं एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. 1893 साली ब्रिटिश सरकारने गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह सगळ्या प्रांतांतून हजाराहून अधिक साक्षी त्याने घेतल्या. तोवर सर्वांचा समज असा की वेड्यांच्या इस्पितळात येणाऱ्यांत गांजाने वेडे झालेलेच खूप. इस्पितळांच्या नोंदवह्याच तसं सांगत होत्या. आयोगाने त्या नोंदी एकेक उलगडून पाहिल्या तेव्हा आढळलं की कित्येक ठिकाणी काहीही चौकशी न करता ‘कारण : गांजा’ असं भरून टाकलेलं होतं. रुग्ण कधीतरी गांजा ओढायचा एवढं कोणाकडून कळलं की रकाना भरला जाई. आयोगाने अतिवापराचे दुष्परिणाम नाकारले नाहीत. त्याने इतकंच केलं की वापर, अतिवापर आणि वेड यांच्यात रेघा ओढल्या. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या वेड्यांच्या इस्पितळांत केलेली ही साधी तपासणी फॉर्म 4473 चा तो प्रश्न अजून करत नाही.

कोर्टांत आता उलथापालथ सुरू आहे. 2022 च्या ब्रुएन निकालाने सुप्रीम कोर्टाने नवी कसोटी घातली : बंदुकीवरचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळायला हवा. ही कसोटी मला आवडत नाही. आजच्या प्रश्नांची उत्तरं अठराव्या शतकातल्या कायद्यांत शोधायला लावणं ही न्यायदानाची चांगली रीत नव्हे. पण त्या कसोटीने एक गोष्ट उघड केली. जुन्या काळी दारू पिऊन बंदूक वापरण्यावर, उडवण्यावर बंधनं होती. काल प्यायला म्हणून आज शुद्धीवर असलेल्याची बंदूक काढून घेणारा कायदा सरकारी वकिलांना दाखवता आला नाही. पाचव्या सर्किटने याच कारणाने पॅट्रिक डॅनियल्स यांची शिक्षा 2023 मध्ये रद्द केली. मिसिसिपीत गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून पोलिसांनी थांबवलं, रक्षापात्रात गांजाची थोटकं सापडली, गाडीत दोन बंदुका होत्या. त्या क्षणी ते नशेत होते का, याची चाचणीच झाली नव्हती, आणि शिक्षा होती जवळपास चार वर्षांची.

2024 चा रहिमी खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जोडीदाराला मारहाण-धमकी केल्याबद्दल कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाची बंदूक काढून घेता येते, असं सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी म्हटलं. त्यामागचा विचार स्वच्छ आहे : हा विशिष्ट माणूस दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाने सुनावणी घेऊन ठरवलं, आणि ते ठरवलेलं असेपर्यंत त्याने शस्त्र बाळगू नये. गांजाच्या रुग्णाबद्दल अशी सुनावणी कधी होते? त्याला कोणी बोलावत नाही, कोणी विचारत नाही. पेन्सिल्व्हेनियात वॉरन काउंटीचे जिल्हा सरकारी वकील असलेले रॉबर्ट ग्रीन यांच्याकडेच वैद्यकीय गांजाचं कार्ड होतं. आरोपींवर खटले चालवण्याइतका भरवसा लोकांनी या माणसावर टाकला, पण बंदूक ठेवण्याइतका भरवसा फेडरल कायदा टाकत नाही, म्हणून 2024 च्या जानेवारीत त्यांनी केंद्र सरकारवर दावा लावला. फ्लोरिडाच्या रुग्णांचा दावा खालच्या कोर्टाने फेटाळला होता, तो अकराव्या सर्किटने ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा उभा केला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्सासचा हेमानी खटला सुनावणीला घेतला. आरोपी एक दिवसाआड गांजा घेत होता आणि घरी पिस्तूल होतं. या वादात नेहमीच्या छावण्या मोडल्या आहेत. नागरी स्वातंत्र्यवाल्या एसीएलयूचे वकील आणि बंदूकवाल्यांची एनआरए एका बाजूला, आणि कायद्याच्या बचावाला ट्रम्प प्रशासन.

कोर्टाच्या निकालावर सगळं सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. कोर्ट एखाद्या आरोपीपुरतं कलम लागू नाही म्हणू शकतं, किंवा सबंध कलम उडवू शकतं. पहिल्याने दुकानात फॉर्म भरणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याने मेथॅम्फेटामिनच्या आहारी गेलेल्याच्या हातातही बंदूक येईल. यादी बदलण्याचाही मार्ग अपुरा आहे. ट्रम्प यांनी 18 डिसेंबर 2025 रोजी गांजा तिसऱ्या यादीत, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य असलेल्या पदार्थांत, नेण्याचं काम लवकर उरकण्याचा आदेश दिला. पण तिसऱ्या यादीतलं औषधही कायदेशीर ठरतं ते प्रिस्क्रिप्शनने. राज्याचं कार्ड म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. यादी बदलल्याने कार्डधारक आपोआप सुटेल, या भरवशावर कोणी फॉर्मवर सही करू नये.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक पदर आहे. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीनकार्डवाल्याला येते. पण गांजाबाबत ग्रीनकार्डवाल्याची स्थिती नागरिकापेक्षाही नाजूक आहे. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरही ‘चांगल्या नैतिक वर्तना’च्या आड येऊ शकतो, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पाठदुखीसाठी कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानातून उघडपणे, पावती घेऊन गांजाच्या गोळ्या घेणाऱ्या काकांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानदार सांगत नाही, शिफारस करणारा डॉक्टरही बहुधा सांगत नाही. महाराष्ट्र मंडळांच्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाबासोबत हा विषयही वकिलाकडून समजावून द्यायला हवा. लाज वाटते म्हणून आपल्याकडे यावर कोणी बोलत नाही, आणि न बोलण्याची किंमत इथे फार मोठी आहे.

मग संसदेने काय करावं? राज्याच्या योजनेत नोंदलेल्या रुग्णाला ‘बेकायदा वापर करणारा’ या व्याख्येतून वगळावं. अशी विधेयकं याआधी मांडली गेली, पुढे सरकली नाहीत. बंदूकवाद्यांनीच ती मांडली म्हणून बंदूक नियंत्रणवाल्यांनी पाठ फिरवली, हे चुकलं. त्याच विधेयकात नियंत्रणवाल्यांनी आपली मागणी घालावी : कुठल्याही नशेत बंदूक जवळ बाळगणं, गाडीत भरलेली ठेवणं किंवा चालवणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा असावा. दारूसह. आज हे राज्याराज्यांत वेगवेगळं आहे आणि अनेक ठिकाणी दारूच्या बाबतीत फार ढिलं आहे. गाडी चालवण्याबाबत आपण हेच मानतो. दारू पिणाऱ्याचं लायसन्स कोणी काढून घेत नाही, पिऊन चालवणाऱ्याचं काढून घेतात.

दुसरं म्हणजे धोक्याच्या सूचनेवरून कोर्टाकडून तात्पुरती शस्त्रजप्ती करवून घेण्याचे कायदे. कनेटिकटने 1999 मध्ये सुरुवात केली, आता वीसच्या आसपास राज्यांत ते आहेत. घरच्यांनी किंवा पोलिसांनी अर्ज करायचा, न्यायाधीशाने पुरावा पाहायचा, त्या माणसाला म्हणणं मांडू द्यायचं, ठरावीक मुदतीसाठी बंदूक काढायची. गांजाच्या अतिवापराने ज्याचा तोल गेला आहे तो इथे सापडतो, दारूने गेलेला सापडतो आणि कुठलीही नशा न करता बायकोच्या जिवावर उठलेलाही सापडतो. रहिमी निकालाने अशा कायद्यांना पायाही दिला आहे. उरलेल्या राज्यांनी ते करावेत आणि केंद्राने त्यासाठी पैसा द्यावा.

आणि डॉक्टरच्या खोलीत बोललेल्या शब्दाला संरक्षण. रुग्णाने उपचारादरम्यान सांगितलेला गांजाचा वापर किंवा घरातली बंदूक यांपैकी काहीही, दुसऱ्याच्या जिवाला उघड धोका नसेल तर, या कलमाखालच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येऊ नये, हे कायद्यात शब्दशः लिहावं. व्याख्या बदलायला संसदेला वर्षं लागतील. एवढं एक वाक्य मात्र पुढच्या खर्चाच्या विधेयकातही घालता येईल, 2014 साली न्याय खात्याचे हात बांधणारी अट घातली होती तसंच.